खोट्या तोंडांची न्याहारी

माझ्या सासूबाईंना आमच्या धंद्यातले लोक 'क्रेन' म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत एकाच ट्रकवाल्याने केली होती, आणि त्याला त्यांनी भर रस्त्यात असं काही सुनावलं की तो बिचारा आजही आमचा ट्रक दिसला की गल्ली बदलतो.

धंदा लोकांची घरं हलवण्याचा. म्हणजे घरं जागच्या जागीच राहतात, आतलं सामान आम्ही हलवतो. ट्रक सासूबाई चालवतात, काचसामान सासरे बांधतात, गिऱ्हाइकांचे फोन माझी बायको घेते आणि जे जड असेल ते मी उचलतो. लग्नाआधी मी एका गोदामात पोती वाहायचो. सासूबाईंनी मला मुलीसाठी पसंत केलं की कपाटांसाठी, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारू नयेत.

बाई साठीच्या पुढच्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील न लागतील अशा, पण नाकावर माशी बसू देणार नाहीत. जिन्यात कपाट अडकलं आणि आम्ही सगळे डोकं खाजवत उभे राहिलो की खालून त्यांचा आवाज येतो, "दार काढा, दार! कपाटाचं नव्हे रे, घराचं!" घराचं दार काढलं की कपाट निमूट आत जातं. ट्रकवर त्या मला 'अरे' म्हणतात आणि घरी जावई म्हणून 'अहो'. एकदा आमचाच सोफा आमच्याच जिन्यात अडकला तेव्हा त्यांची फारच पंचाईत झाली. "अरे अहो, धर की घट्ट!" असं काहीतरी त्या ओरडल्या होत्या.

आता लोक घर बदलतात सुट्टी बघून. त्यामुळे रविवार हा आमचा सगळ्यात जड दिवस. आणि सासूबाईंचा सिद्धांत असा, की रिकाम्या पोटी उचललेलं कपाट हमखास पायावर पडतं. म्हणून रविवारी सकाळी त्या स्वतः न्याहारी करतात, हॅम आणि अंडी. त्या वेळी स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. टाकलंच तर उलथनं बसतं.

हॅम म्हणजे डुकराची मांडी, खारवून, धुरी देऊन शिजवलेली. सासूबाई खाटकाकडून हाडासकट मोठा तुकडा आणतात. एकदा त्याने पातळ चकत्या करून दिल्या तर "यावर काय पत्रं लिहायची आहेत?" म्हणून परत त्याच्या हातात ठेवल्या. घरी त्या स्वतः बोटभर जाडीचे काप करतात आणि काळ्याकुट्ट जड तव्यात त्यांच्याच चरबीत परततात. कडा आकसून तांबूस झाल्या, सगळ्या घरभर तो खमंग, धुरकट वास पसरला, की काप बाजूला आणि त्याच चरबीत अंडी. चर्र आवाज झाला की मी झोपेत असलो तरी उठून बसतो. उरल्यासुरल्या चरबीत पाव कुरकुरीत होतो, वर मिरपूड आणि पेलाभर काळा चहा. हे खाऊन उठलेला माणूस पलंगच काय, त्यावर लोळणाऱ्या गिऱ्हाइकासकट पलंग उचलेल. मी मनापासून सांगतो, या बाईचा मला कितीही राग आला तरी रविवारी सकाळी तो टिकत नसे.

मग हिवाळ्यात सासूबाईंना ताप आला. चांगला सणसणीत. त्या अंथरुणात पडून राहिल्या, हेच आम्हाला इतकं नवीन होतं की शेजारी बघून गेले. बऱ्या झाल्या, ट्रकवर आल्या, पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाशी भांडल्या, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्या रविवारी मी हॅमचा पहिला घास घेतला आणि समोर बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. हॅम मुळातच खारट असतो. त्यावर बाईंनी वरून मीठ घातलं होतं, आणि अंड्यांवर तर पेरलं होतं.

"कसं झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

"वा!" सासरे म्हणाले.

सासऱ्यांविषयी इथे दोन शब्द. अत्यंत मऊ माणूस. काचेचा पेला कागदात गुंडाळतानाही तो दुखावणार नाही ना, अशा बेताने गुंडाळतात. त्या दिवशी ट्रकमध्ये सामान चढवताना त्यांनी मला आणि बायकोला बाजूला घेतलं. "वय होतंय तिचं. कुणी काही बोलायचं नाही. अळीमिळी गुपचिळी."

"पण बाबा, खाऱ्या पाण्यात बुडवल्यासारखं लागत होतं," बायको म्हणाली.

"असू दे. ती काय म्हणते नेहमी, आठवतं ना? माझ्या हातचं बिघडलं त्या दिवशी तवाही ठेवीन आणि ट्रकची किल्लीही ठेवीन. ती बोलते तसं करते. किल्ली ठेवली तर बसेल कुठे? खुर्चीत?" त्यांनी हातातला खोका खाली ठेवला. "तुम्ही तिला कधी खुर्चीत नुसतं बसलेलं बघितलंय का? ती बसली की संपली."

हे मात्र खरं होतं. मला त्या बाईंना खुर्चीत बसवून पांघरूण घातलेलं नुसतं डोळ्यांसमोर आणवेना. मी मुकाट्याने तोंडाला कुलूप घातलं.

आणि मग आमच्या रविवारांची दशा सुरू झाली. खारट अंड्याला आम्ही वा म्हटलं म्हणून पुढच्या वेळी ते आणखी खारट. त्याला दुप्पट वा म्हटलं म्हणून मिरपूडही मुठीने. एकदा मीठ म्हणून साखर पडली. हॅमवर ती छान वितळून चिकटली, आणि सासरे "आज काहीतरी वेगळंच!" असं म्हणाले, जे निदान खोटं नव्हतं. पाव कधी कोळसा, कधी कच्चा. आम्ही खात होतो, हसत होतो, आणि ट्रकमध्ये बसल्यावर बाटल्याच्या बाटल्या पाणी पीत होतो. गिऱ्हाइकांच्या घरी गेल्या गेल्या आम्ही मोरीची चौकशी करू लागलो.

सासूबाईंनाही एक नवीन खोड लागली होती. पूर्वी त्या वाढून झालं की स्वतःच्या ताटात डोकं घालायच्या. आता स्वतः दोन घास चिवडायच्या आणि आमच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायच्या. आधी सासऱ्यांच्या, मग मुलीच्या, मग माझ्या. "म्हातारपणी कौतुकाची भूक वाढते," बायको म्हणाली. मग आम्ही कौतुकही वाढून देऊ लागलो. चेहरे इतके खुलवायचो की गाल दुखायचे.

उन्हाळा आला. त्या आठवड्यात आम्ही सामान उचलायचा नवा पट्टा आणला. खांद्यावरून घ्यायचा, खालून अडकवायचा, म्हणजे वजन पाठीवर येत नाही म्हणे. मला तो वापरून बघायची घाई झाली. घरात जड वस्तू कोणती, तर फ्रिज. शनिवारी सकाळी वायर काढली, पट्टा लावला, मी आणि सासऱ्यांनी फ्रिज झोकात उचलून बैठकीच्या खोलीत नेला, तिथून परत आणला. पट्टा पास झाला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. हलवलेला फ्रिज लगेच चालू करायचा नाही, काही तास तसाच राहू द्यायचा. गिऱ्हाइकांना आम्ही हे इतक्या वेळा बजावतो की ते कंटाळतात. तो नियम आम्हीही पाळला. सासऱ्यांना वाटलं, संध्याकाळी मी वायर लावीन. मला वाटलं, ते लावतील. आतला दिवा कधीचाच गेलेला, त्यामुळे उघडणाऱ्यालाही काही कळायची सोय नव्हती. थोडक्यात, दुसऱ्यांचे फ्रिज सुखरूप पोचवणाऱ्यांच्या घरात हॅमचा तुकडा ऐन उन्हाळ्यात शनिवारचा सबंध दिवस आणि रात्र बंद कपाटात बसून राहिला.

रविवारी सकाळी मला चर्र आवाजाने जाग आली आणि वास आल्यावर मी परत झोपलो असतो तर बरं झालं असतं. आंबूस, गोडसर वास. बायको नाकाला पदर लावून बसली होती. आम्ही टेबलापाशी गेलो. ताटं वाढलेली होती. हॅमवर हिरवट झाक होती आणि परतूनही तो बुळबुळीत दिसत होता. सासूबाई उलथनं हातात घेऊन उभ्या, आमच्या तोंडांकडे बघत.

बायकोने टेबलाखालून मला लाथ मारली. तिचा अर्थ 'बोल' असा होता की 'बोलू नकोस' असा, ते मला आजवर कळलेलं नाही. तोवर सासऱ्यांनी तुकडा कापला होता. त्यांचं पोट किती नाजूक, हे घरातल्या भिंतींनाही माहीत आहे. त्यांनी तो तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं. तरी ते हसले.

"वा," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मला त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की दोन्ही एकदमच तोंडातून बाहेर पडलं. "बाबा, थुंका ते! आई, हे सडलंय. मेलेल्या घुशीसारखा वास येतोय. आणि अहो, नुसतं आजचं नाही, तुम्ही आजारातून उठल्यापासून एकही रविवार धड गेलेला नाही!"

सासूबाई झपकन पुढे झाल्या आणि नवऱ्याच्या हनुवटीखाली हात धरला. "थुंका. थुंका म्हणते ना! लहान बाळ आहात काय?" ते थुंकले. बाईंनी तो हात पुसला, आमची ताटं ओढून घेतली, एकेक तुकडा नाकाशी नेऊन हुंगला. मोठ्ठा श्वास घेऊन हुंगला. आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही.

तेव्हा मला समजलं.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "त्या तापापासून. जिभेलाही कळत नाही. काहीही घाला, ओला पुठ्ठा चावतेय असं वाटतं."

"अगं, मग बोलायचं नाहीस का?" सासरे म्हणाले.

"कशाला बोलायचं? माझी जीभ गेली तर तुमच्या तीन होत्या की!" आणि मग त्यांचा आवाज चढला. "म्हणून तर तोंडाकडे बघत होते तुमच्या! एकाने तोंड वाकडं केलं असतं तर मीठ कमी केलं असतं. कुणी नाक मुरडलं असतं तर फेकून दिलं असतं. तुम्ही हसायचात. मला वाटायचं, जमतंय. जीभ नसली तरी हात चालतोय अजून. आणि तुम्ही..." त्यांनी उलथनं टेबलावर आपटलं. "मला आंधळीला हात धरून विहिरीकडे नेत होतात."



"तुला वाईट वाटेल म्हणून..." सासरे पुटपुटले.

"मग आता काय वाटतंय मला?"

त्यांनी हॅम कचऱ्यात टाकला, तवा घासला. वाटलं, आता तो उपडा घालतील आणि किल्ली काढून टेबलावर ठेवतील. सासऱ्यांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांचा हात नकळत खिळ्यावरच्या किल्लीकडे गेला, ती लपवायला. सासूबाईंनी ते बघितलं.

"ठेवा ती जागेवर. तिसऱ्या मजल्यावरून शिसवी कपाट उतरवायचंय. उपाशी जाणार आहात?" मग माझ्याकडे वळून, "अहो, तुम्ही. कोपऱ्यावरचा तो खाटीक आत्ताच दुकान उघडतो. हुंगून आणा."

मी हुंगून आणला. खाटकाला वाटलं, मला वेड लागलंय.

या वेळी स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आम्ही सगळे आत, तव्याभोवती. हॅम परतायला लागल्यावर बाईंनी विचारलं, "वास?"

"चांगला," बायको म्हणाली.

"चांगला म्हणजे? 'चांगला' खूप ऐकला मी."

"लाकडाच्या धुराचा येतोय. आणि कडेची चरबी आता करपेल, काप उलट."

त्यांनी झटकन उलटला. अंड्यांवर मीठ घालायला हात गेला तेव्हा मी म्हणालो, "बस. मिरपूड नकोच, मागच्या वेळची अजून पोटात आहे." त्यांनी माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं, पण मिरपुडीची डबी खाली ठेवली. अंडं सासऱ्यांच्या ताटात पडलं, त्यांनी घास घेतला, सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"सांगा," सासूबाई म्हणाल्या.

"छान आहे," ते म्हणाले. मग बोटाने पिवळं दाबून बघितलं. "फक्त... पिवळं फार शिजलंय. मला ते मऊ आवडतं. पावाला लावून खाण्याइतकं."

"आजच?"

"नाही. लग्न झाल्यापासून."

मला वाटलं, आता मात्र उलथनं बसणार. बायकोने माझा दंड घट्ट धरला. सासूबाई नवऱ्याकडे नुसत्या बघत होत्या, जणू घरात कुणी नवीन माणूस येऊन बसलाय. एवढी वर्षं या बाईने कुणाला विचारून एक पायरी चढली नव्हती की एक खिळा उपटला नव्हता. त्यांनी टोपलीतलं दुसरं अंडं उचललं, तव्याच्या कडेवर फोडलं, आच बारीक केली आणि उलथनं अंड्याखाली सरकवून थांबल्या.

"या इकडे," त्या म्हणाल्या. "कधी काढू, सांगा."

सासरे खुर्चीतून उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघंही वाकून तव्यात बघत होती. आम्हाला कपाटाला उशीर होत होता, गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं, आणि कुणीही तो घेत नव्हतं.

"आता," सासरे म्हणाले, आणि सासूबाईंनी अंडं काढलं.