तात्यांचा सायब

तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भेंडीच्या वाफ्यात, डोक्यावरची टोपी हातात घेऊन नाकतोड्यामागे धावताना. माजलगाव धरणाच्या पाण्याकडेच्या त्या गावात माझी शाळेवर नेमणूक झाली होती आणि त्यांच्या घराची माडी मला भाड्यानं मिळाली होती. तात्या म्हणजे सरपंच राहिलेला माणूस, त्यांच्यापुढं फौजदारसुद्धा जपून बोलतो, असं मला आदल्या दिवशी सगळ्यांनी बजावलं होतं. आणि सकाळी खिडकी उघडते तर साठी उलटलेला, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला तो माणूस टोपी जमिनीवर आपटून तिच्यावर पालथा पडलेला. माझी चाहूल लागली तसे उठले, गुडघे झटकले आणि गंभीरपणे म्हणाले, "बीपीचा व्यायाम हाय, बाई. डॉक्टरनं सांगितलाय."

खरी गोष्ट त्यांच्या बायकोनं, गयाकाकूंनी सांगितली. मला मागच्या परसात नेऊन त्यांनी कडुलिंबाच्या फांदीकडे बोट केलं. बराच वेळ मला पानंच दिसली. मग त्यातलं एक पान हललं आणि त्यानं एक डोळा माझ्याकडे, दुसरा काकूंकडे फिरवला. कुंपणावर मान हलवत बसतो तो साधा सरडा नव्हे. हा रंग बदलणारा, चपट्या अंगाचा, शेपटीचं वेटोळं फांदीला घालून बसणारा. शाळेच्या पुस्तकात ज्याला शॅमेलिऑन म्हणतात तो. ऊसतोडीच्या वेळी फडात कुणीतरी त्याच्यावर कोयता उगारला होता. तात्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं आणि जनावर काठीवर चढवून घरी आणलं. नाव ठेवलं 'सायब'. "चालनं बघा की त्याचं," तात्या म्हणायचे. "एक पाय उचलतोय, इचार करतोय, मग ठिवतोय. तहसीलच्या सायबाला असंच बघितलंय मी सहीला हात उचलताना."

गावात तात्यांचा दरारा होता तो आवाजाचा नव्हे, बोलण्याचा. बांधावरून भांडत दोन भाऊ आले की ते म्हणायचे, "आदी पानी प्या, मग एकमेकाचं रगत प्या." पाणी पिऊन होईपर्यंत निम्मं भांडण उतरायचं. उद्धट अधिकाऱ्याला ते शांतपणे सांगत, "तुमी खुर्चीवर बसलाय, खुर्ची तुमच्यावर न्हाई." दिवसभर ओसरीवर माणसांची रीघ. कुणाला दाखला हवा, कुणाला बदली, कुणाला पोराची सोयरीक जुळवून. दुपारी जरा उसंत मिळाली की तात्या परसात जाऊन लिंबाखाली बाज टाकत. मी एकदा विचारलं, "तात्या, इतकं काय बघता त्याच्यात?"

"घरात येनारा हरेक मानूस कायतरी मागाया येतोय, बाई. ह्यो नुसता बघतोय. तेबी एका डोळ्यानं."

मग निवडणुकीत तात्यांनी पॅनल बदललं. ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर लढले त्यांच्याबरोबर बसले. कारणं त्यांनी खूप सांगितली, कालव्याच्या पाण्याची, रस्त्याची. निकालानंतर एका सकाळी घराच्या भिंतीवर गेरूनं काढलेला भलामोठा सरडा दिसला. खाली नाव नव्हतं, त्याची गरजही नव्हती. तात्या चौकातल्या माणसांसमोर मोठ्यानं हसले, "हात चांगला हाय पोराचा," म्हणाले आणि दुपारपर्यंत भिंतीला चुना लावून घेतला. पण त्याच संध्याकाळी त्यांनी सायबाला लिंबावरून उतरवलं आणि मागच्या धान्याच्या खोलीत ठेवलं. खिडकीला जाळी, डब्यात लावलेला कढीपत्ता, खाली शहाबादी फरशी. काकूंना आणि मला ताकीद मिळाली, "ही गोष्ट भाईर जाता कामा न्हाई. सरड्याच्या घरात सरडा, म्हनतील लोकं."

पुढची दिवाळी होऊन गेली आणि सायबाचं काहीतरी बिनसलं. समोर नाकतोडा धरला तरी त्याची जीभ बाहेर येईना. डोळे खोल गेले, दिवसाउजेडी मिटू लागले. हिरवा रंग जाऊन अंगावर काळपट डाग पसरले आणि पोट मात्र दोन्ही बाजूंनी फुगलं. जो सायब फांदी सोडत नसे तो खाली उतरून फरशीवर सरपटू लागला. कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी खरवडायचा, थकायचा, दुसऱ्या कोपऱ्यात जायचा. तात्यांना वाटलं, पळून जायला बघतोय. त्यांनी दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, तुमची स्कूटी हाय का मोकळी?" घरात जीप होती, पण जीपबरोबर ड्रायव्हर होता. तात्या माझ्यामागे बसले, मांडीवर दुरडी, दुरडीवर उपरणं. वाटेत कुणी रामराम घातला की ते उपरण्याची कडा घट्ट धरत.

माजलगावच्या जनावरांच्या डॉक्टरकडे बाकावर आमच्याच गावचे दोघं शेळी घेऊन बसले होते. दोघंही समोरच्या पॅनलचे.

"तात्या, तुमी? कशापायी आलात? दुरडीत काय?"

"कोंबडी हाय. मान टाकलीय."

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी दारातच उपरणं उचललं. शेळीवाले दोघंही मान लांब करून वाकले. मग त्यातला एक म्हणाला, "पाव्हना तुमचाच दिसतोय की, तात्या!" आणि दोघं खदाखदा हसले.

तात्या त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. "माझा कशाचा? वाटंत पडलं हुतं. ह्या बाईंनी उचलाया लावलं. मास्तरीन हायेत ना, त्यांना लई पुळका."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाटेत सापडलेल्या जनावराबद्दल डॉक्टर तरी काय विचारणार? उन्हानं थकलं असेल, म्हणाले, तोंडात पाण्याचे थेंब सोडले आणि सांगितलं, "सावलीतल्या झाडावर सोडून द्या." आम्ही परत निघालो. दुरडीवर उपरणं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या डोक्याला गुंडाळून घेतलं होतं, तोंड अर्धं झाकेल असं.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघायच्या वेळी माडीच्या जिन्यावर पावलं वाजली. तात्या कधी वर येत नसत. दारात उभे राहिले, दुरडी हातात.

"तोंड उघडं टाकून पडलाय. चला, बाई. आज खरं सांगतो."

त्या दिवशी बाजार होता. दवाखान्यात म्हशी, वासरं, माणसं, नुसता गलका. तात्यांनी डॉक्टरच्या टेबलावर दुरडी ठेवली आणि ओसरीवर बोलत तसंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "डॉक्टरसायब, काल मी खोटं बोललो. हे जनावर माझं हाय. मी पाळलंय, सायब म्हनतो त्याला. बाईंचा काय संबंध न्हाई." मागं कुणीतरी हसलं. तात्यांचे कान लाल झाले, पण ते वळले नाहीत.

आता डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. कुठं ठेवता? ऊन मिळतं का? खाली काय आहे? फरशी म्हटल्यावर ते थांबले. त्यांनी पोटाखाली बोटं घालून हलकेच चाचपलं आणि म्हणाले, "हा सायब नाही. मादी आहे. पोट अंड्यांनी भरलंय. ह्यांना अंडी घालायला जमीन उकरावी लागते. माती मिळाली नाही म्हणून हिनं अडवून धरलीत."

तात्या टेबलावर वाकले. "म्हंजे... ती कोपऱ्यात खरवडत हुती..."

"जागा शोधत होती. काल तुम्ही सांगितलं असतं तर..." डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. इंजेक्शन भरता भरता एवढंच म्हणाले, की हे घरात ठेवायचं जनावर नाही, कायद्यानंही नाही. ओल्या मातीत ठेवा, आडोसा करा, बाकी तिच्या नशिबावर.

घरी आल्या आल्या तात्यांनी लिंबाखालची जमीन खुरप्यानं भुसभुशीत केली. गडी मदतीला धावला तर त्याला हातानंच लांब केलं. पाणी शिंपडलं, ढेकळं बोटांनी फोडली, वर गोणपाटाची सावली केली आणि तिला अलगद खाली ठेवलं. आम्ही लांब काकूंजवळ जाऊन बसलो. बराच वेळ ती हलली नाही. मग मातीचा गारवा लागला असावा. तिनं एक पुढचा पाय उचलला, थांबली आणि उकरू लागली. चार वेळा दम खात तिनं वीतभरही नाही असा खळगा केला. थोडी अंडी बाहेर आली, पांढरी, शेवग्याच्या बीएवढी. बाकीची पोटातच राहिली. उन्हं कलायच्या आत तिचे दोन्ही डोळे एकाच दिशेला स्थिर झाले.

तात्यांनी हात धुतले नाहीत. नखांत माती तशीच घेऊन ते ओसरीवर येऊन बसले. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. "गया, ती माती मागत हुती," ते म्हणाले, "आन् मी फट बुजवीत हुतो. लोकं काय म्हनतील म्हनून."

त्या संध्याकाळी नेहमीची माणसं आली. तात्यांनी कुणी विचारायच्या आधी सांगितलं, "माझी सरडी मेली. आज काम बोलू नका." एकानं तोंडावर रुमाल धरला. ते तात्यांना दिसलं असणार. तिची अंडी त्यांनी मातीत झाकून ठेवली होती. पुढं कधीतरी तात्यांनी उकरून पाहिलं तर ती सुकून गेली होती.

त्यानंतरच्या निवडणुकीला दोन्ही पॅनलची माणसं त्यांच्याकडे खेटे घालत होती. तात्यांनी अर्ज भरला नाही. कुणी म्हणालं पोराला पुढं आणायचंय, कुणी म्हणालं वरून निरोप आला. माझी बदली केजकडे झाली होती, सामान टेंपोत चढत होतं, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं. तात्या अंगणातल्या बाजेवर बसले होते. हातातली काठी जमिनीवर फिरवत राहिले.

"बाई, तुमाला त्या दिवशी दवाखान्यात मी पुढं केलं. घरातल्या मुक्या जिवाला माझा म्हनता आलं न्हाई मला, दोन मान्सं हसली म्हनून. आता भाषनात 'माझं गाव' म्हनाया उभा ऱ्हायलो की जीभ अडखळतीया."

टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. मी वाकून नमस्कार केला. "सुखी ऱ्हावा," ते म्हणाले, पण मान काही वर केली नाही.