नांगर न टाकता आलेलं जहाज

माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर. इंजिनातलं मला आजही ओ का ठो कळत नाही, पण जहाज मुंबईला येतं कसं, ते मुलुंडच्या स्वयंपाकघरात बसून मला पाठ झालं होतं. जोरात यायचं, बंदराबाहेर नांगर टाकायचा आणि धक्का रिकामा होण्याची वाट बघत पडून राहायचं. ज्याची ड्युटी संपली असेल, तो तिथूनच लाँचने घरी. हल्ली जहाजावर इंटरनेट असतं, रोज बोलणं होतं, तरी नांगर पडल्याचा फोन वेगळा. तो आईलाच यायचा. फोन ठेवला की सासूबाई काळे वाटाणे भिजत घालायच्या. वाटाणे फुगेपर्यंत हा दारात. मग उसळ, आंबोळ्या आणि मायलेकांचं मालवणी. त्यात मला कोण विचारतंय! पण ते जाऊ दे.

मागच्या वर्षी कंपनीने त्याच्या जहाजावर वेग सांभाळणारी नवी सिस्टिम बसवली. धक्का कधी रिकामा होणार, वारा कुठला, लाटा केवढ्या, हे बघून ती इंजिनाचा वेग आपणच कमी-जास्त करते. धावत यायचं नाही, बाहेर ताटकळायचं नाही, तेल वाचतं, धूरही कमी. नवरा हरखून गेला होता. व्हिडिओ कॉलवर सिस्टिमचा करडा डबा दाखवून म्हणाला, झकास काम आहे. मीही मोठं कळल्यासारखी मान डोलावली. सासूबाई तेवढ्या विचारत राहिल्या, मग नांगर कुठे टाकणार? टाकणारच नाही, असं तो हसून म्हणाला.

त्याची ड्युटी संपत आली, जहाज मुंबईलाच यायला निघालं आणि इकडे सासूबाईंना घाटकोपरच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, मुलाला बघायचं असेल तर लवकर बोलवा. मी त्याला कळवलं. त्याने कॅप्टनला गळ घातली, कॅप्टनने अंधेरीच्या ऑफिसला विचारलं. ऑफिस म्हणालं, धक्का रिकामा नाही, वेग वाढवायचा नाही.

मी रिक्षा करून अंधेरीला गेले. साहेब चांगला होता, हाच तर वैताग! कॉफी मागवली, स्क्रीनवर जहाजाचा हिरवा ठिपका दाखवला. म्हणाला, मॅडम, लवकर येऊन करणार काय? मी म्हटलं, नांगर टाका, लाँचने माणूस उतरवा, पूर्वी उतरवायचात तसा. त्याने कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, सिस्टिमचं हे पहिलंच जहाज आहे, ते बाहेर नांगर टाकून उभं राहिलं तर वरचे विचारतील. मेल्या, तुझी आई असती तर? हे मी मनात म्हटलं. तोंडाने प्लीज म्हटलं, हातही जोडले. ठिपका काही हलताना दिसला नाही.

हॉस्पिटलात गेले की सासूबाईंचा एकच प्रश्न, "नांगर पडलो काय गो?"

नाही आई, अजून नाही. शेवटी शेवटी त्या माझ्यावरच चिडल्या. "तू वाटाणे भिजत घाल. तो येतलो." घरी येऊन मी पातेलंभर वाटाणे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

मी थांबा म्हणत होते. पण नवराच फोनवर म्हणाला, आईला बर्फात ठेवू नका. अग्नी चुलत दिराने दिला. जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी थेट धक्क्याला लागलं, ऑफिसने सांगितल्या वेळेला.

तो घरी आला, आंघोळ केली, आईच्या खोलीत न जाता स्वयंपाकघरात गेला. ओट्यावरचं पातेलं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. वाटाणे आंबून फेसाळले होते. तो ते नळाखाली धुवायला लागला. पाणी बदललं, परत बदललं, वास जाईना. मी म्हटलं, टाकून दे रे.

"सिस्टिमची चूक नाही गं," तो म्हणाला. "तिला जे सांगितलं, ते तिने केलं."

माझं डोकं फिरलं होतं. तेवढ्यात ओट्यावर त्याचा फोन वाजला. ऑफिसचा मेसेज होता. पहिलीच फेरी एकदम वेळेवर, तेलाची भरपूर बचत, चीफचं खास अभिनंदन. त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि माझ्यासमोर टाईप केलं, थँक यू सर.