प्रमिलाताईंची नीळ

प्रमिलाताईंची आणि माझी पहिली भेट देवबागला, त्यांच्या अंगणात झाली. मसुऱ्याहून मी कापडावर ठसे छापायला शिकायला आले होते. चुलीवर मोठा टोप उकळत होता. मला वाटलं, पंगतीचं जेवण शिजतंय. निघाली ऐनाच्या झाडाची साल! पूर्वी सुती जाळी टिकावीत म्हणून मच्छीमार ती या सालीत रंगवत. नायलॉन आलं आणि साल विसरली गेली. ताईंनी मात्र सासऱ्यांचा तोच टोप साड्यांसाठी चुलीवर चढवला. त्यांच्या तपकिरी साड्यांवरची निळ्या लाटांची किनार आज लांबलांबचे लोक ओळखतात.

शिकवताना त्या कधी रागावल्या नाहीत. हाताला लागलेला रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, डाग धुऊन जात नाही, तेव्हा कापडावरही टिकेल, अशा भाबड्या हिशेबाने मी एक ओढणी गुलाबी रंगवली. उन्हात वाळता वाळता रंग विटून तिचं पार पोतेरं झालं. मी रडकुंडीला आले.

"रातांब्याचो रंग कढयेत बरो गो, कापडार रवणा नाय," ताई हसून म्हणाल्या. मग त्याच ओढणीवर स्वतः ठसे उमटवून त्यांनी ती कितीतरी दिवस मिरवली. असे गुरू मिळाले, हे माझं भाग्यच.

दोनेक वर्षांपूर्वी किनारीचा रंग बदलू लागला. "हल्ली नीळ फिकी येता," म्हणत ताई ती आणखी आणखी घालत आणि लाटा काळ्याकुट्ट होत. गिऱ्हाइकं कापड परत पाठवू लागली. आम्हा शिष्यांना दिसत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? शेवटी त्यांचे यजमान भाऊ, ज्यांचा जन्म होडीवर गेला, तेच म्हणाले, "अगो, दर्या इतको काळो कित्याक केलंस?"

तपासलं तर ताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ताई ऑपरेशनला तयार होईनात.

"आता दिसता तां तरी दिसता. कापल्यार रंगच गेले तर मी काय करू?"

एवढ्या धीट बाईंना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊंनी वाद घातला नाही. "चल, मी बरोबर आसंय," एवढंच ते म्हणाले.

पट्टी सुटली तेव्हा मीही तिथे होते. ताईंनी आधी समोरच्या भाऊंकडे पाहिलं. परत आलेल्या त्याच काळ्या लाटांच्या कापडाचा शर्ट शिवून भाऊ रोज वापरत होते. ताई बघतच राहिल्या.

"अवो, ह्यो शर्ट घालून तुमी बाजारात गेलास?"

"तुया केल्लो मा? माका बरोच दिसता."

ताईंना हसू आवरेना आणि रडूही. रंग जिथल्या तिथे होते.

आता ताईंची पंचाहत्तरी. सत्कारासाठी त्यांनी भाऊंना निळ्या लाटांचा नवा शर्ट छापला आहे आणि भाऊ जुनाच घालणार म्हणून हटून बसले आहेत. भराडीदेवीजवळ माझं एवढंच मागणं आहे: दोघांना ठणठणीत ठेव, आणि हे भांडण पुढची पुष्कळ वर्षं मिटू देऊ नकोस.