डाव्या दिव्याची झडप

तहसील कचेरीसमोरच्या माझ्या टेबलाशी अर्ज लिहून घेण्यासाठी वकीलसुद्धा बसलेले आहेत, हे प्रथम नमूद करतो. कारण पुढे जे घडले त्यात माझा वाटा किती, याविषयी माझे आणि जावयांचे आजही एकमत नाही.

मी आठवीतून शाळा सोडली, त्याच सुमारास जावयांची ती गाडी अमेरिकेतल्या कुठल्याशा कारखान्यातून बाहेर पडली होती. दोनच दारांची, लांब नाकाची, गडद हिरवी. आत डोकावावे तर एखाद्या संस्थानिकाचा दिवाणखाना: चामड्याची आसने, लाकडी फळीत बसवलेली गोल घड्याळे, पायाखाली गालिचा. आणि इंजिन सुरू झाले की तोच दिवाणखाना तालमीतल्या पैलवानासारखा दंड थोपटू लागे. असा दुहेरी स्वभाव मी पुष्कळ माणसांत पाहिला होता, वाहनात प्रथमच पाहिला.

जावई जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर. आठवडाभर नव्या गाड्या आणि सुट्टीला भाड्याच्या गॅरेजात ही जुनी, असे त्यांचे तीन हिवाळे गेले होते. मी पाहुणा म्हणून पोहोचलो तेव्हा गाडी पूर्ण झाली होती आणि लेकीचा संयम संपला होता. तिने जेवताना निकाल दिला, "उद्या तपासणीत पास झाली तर राहू दे. नाही झाली तर ड्युसेलडॉर्फचा तो माणूस मागतोच आहे, त्याला देऊन टाक. मला माझे शनिवार परत हवेत."

तपासणी अशी, की तीस वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात जपलेली आढळली, तरच तिच्या क्रमांकाअखेर एच हे अक्षर मिळते. मग सरकारदरबारी ती भंगार न राहता वारसा ठरते.

"पास झाली तर गल्लीत वळतानाच दिवे लावीन," जावई म्हणाले. "डोळे उघडे दिसले की समज."

डोळे म्हणण्याचे कारण, त्या गाडीचे दिवे पुढच्या जाळीआड लपलेले असत. बटण ओढले की त्यांच्यावरच्या झडपा वर उचलल्या जात. ही उचल विजेची नव्हती. इंजिन हवा ओढून घेई आणि त्या ओढीवर झडपा हलत. उजवी चटकन उठे. डावी थंडीत अडून बसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो आणि मोकळ्या रस्त्यावर जावयांनी पाय जरा दाबला. माझी पाठ आसनाला चिकटली. झाडे मागे धावू लागली, आणि तरीही वेग अजून वाढावा असे वाटत राहिले. ड्रायव्हर या जातीविषयी माझे मत त्या दिवशी बदलले.

"बाबा, तिथे काही बोलायचं नाही हं," जावई म्हणाले.

"मी बोलत नसतो, जावईबापू. मांडतो."

"तेच नको."

"डावी झडप अडते, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका. साहेबाने शोधलेला दोष साहेबाचा होतो. आपण सांगितलेला आपल्या हातात राहतो. मी सगळे अर्ज असेच लिहितो."

"मी दिवे लावूनच आत नेणार. उघडेच असतील. आल्झो, म्हणजे विषयच येत नाही."

तपासनीस उंच गृहस्थ होते, कानामागे पेन्सिल. त्यांनी विजेरी घेऊन गाडीचे पोट पाहिले, लाकडावरून बोट फिरवले, गालिचा उचलून खालचा पत्रा ठोकला. प्रत्येक ठिकाणी त्यांची मान होकारार्थी हलत होती आणि माझी छाती फुगत होती. मग ते म्हणाले, दिवे बंद करा. आणि मग, आता लावा.

उजवी झडप उठली. डावी जागची हलली नाही.

चहाचा कप हातात घेऊन तासभर इंजिनावर बोलणारे माझे जावई नुसते बटणच चाचपू लागले. मी पुढे झालो आणि हात जोडून शुद्ध मराठीत म्हणालो, "मेहेरबान साहेब, सदर गाडीची डावी झडप थंडीत उशिरा उघडते, ही गोष्ट आम्ही आपणापासून लपवू इच्छीत नाही. तिला विजेची मोटर बसवणे सोपे होते, परंतु अर्जदाराने तसे केले नाही. इंजिनाने पुरेसा श्वास ओढला की ती उठते. सबब, क्षणभर थांबावे, ही विनंती."

साहेबांनी जावयांकडे पाहिले. माझ्या एवढ्या मजकुराचे जावयांनी जर्मनमध्ये एकच वाक्य केले. मुरलेल्या कारकुनालाही इतके आटोपशीर जमत नाही.

साहेब हात मागे बांधून गाडीसमोर उभे राहिले. आम्हीही राहिलो. इंजिन गुरगुरत होते. झडप थरथरली, अर्ध्यावर आली, पुन्हा अडली, आणि मग सावकाश पूर्ण उघडली. साहेबांनी वाकून रबरी नळीला हात लावला आणि म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. पुढचे जावयांनी मला नंतर सांगितले: अशा गाड्यांना लोक गुपचूप विजेची मोटर बसवून आणतात, झडपा झटकन उघडतात, आणि मूळ यंत्र कुठे आहे हे विचारायची पाळी येते. ही उशिरा उघडली, म्हणून साहेबांना बरे वाटले होते.

शिक्का उमटला. परत येताना जावई शीळ घालत होते. "बाबा, मी फक्त म्हणालो, हवेवर चालते, जरा थांबा."

"मग मी वेगळं काय मांडलं?"

गल्लीत वळताच त्यांनी बटण ओढले. लेक गॅलरीत उभीच होती. तिने पाहिले आणि कठड्यावरून ओणवी होऊन विचारले, "म्हणजे अर्धीच पास झाली का?"

जावयांनी स्टिअरिंग घट्ट धरले. मी खिडकीतून हात बाहेर काढून वर म्हणालो, "क्षणभर थांबावे."

डावी झडप उठली. लेक आत गेली आणि स्वयंपाकघरातला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून चपला सरकवत खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारून माझ्या बाजूच्या दाराशी थांबली.

"मी मागे बसणार नाही, आधीच सांगते."

दोन दारांच्या गाडीत मागे जायचे तर पुढचे आसन वाकवून फटीतून शिरावे लागते. मी कोट सावरला, वाकलो आणि शिरलो. इतक्या अरुंद वाटेने मी आजवर कोणत्याही कचेरीत गेलेलो नाही.