खाष्ट सासूच्या दारावर

वाढदिवसाच्या सकाळी मंगलाबाई वारल्या. ब्राह्मणपुरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच वारल्या, पण तिथे गेलेलं माणूस परत आणणं सोपं नसतं. हे पुण्य शेजारच्या लखनचं, म्हणजे प्रस्तुत लेखकाचं. शुभेच्छांसाठी त्याने बाईंच्या शेवटच्या सिनेमातला फोटो निवडला. मेकअप झकास होता. फोटोला चंदनाचा हारही होता, कारण त्यात सासू मरते. फोटो गेला आणि शुभेच्छा टाइप करायच्या आत मोबाइल बंद पडला. चार्जिंग होईस्तोवर ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

वीसेक वर्षांपूर्वी अहिराणी सिनेमे सीडीवर निघत. असंच एक शूटिंग बाईंच्या नवऱ्याच्या, चुनीलालकाकांच्या केळीच्या बागेत आलं. सासूचं काम करणारी बाई आलीच नाही. तेवढ्यात मंगलाबाईंनी बांधावरून नवऱ्याला अशी हाक मारली की डायरेक्टर उठून उभा राहिला. "सासू सापडली!"

पडद्यावरची सून त्यांच्याहून वयाने मोठी होती. तरी बाईंनी तिला असं छळलं की पुढे प्रत्येक सिनेमात छळायचं काम त्यांच्याकडेच आलं. सिनेमात सुनेला डागलं म्हणून शहाद्याच्या बाजारात एका भाजीवालीने तराजूच खाली ठेवला. "तू वहूले डाम दिना, तुले वांगा देसू नही!" बाईंनी घरी येऊन ते सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

मुलगा हेमकांत लग्नाचा झाला तसं हसू ओसरलं. बाईंनी काम सोडलं, पण सीड्यांतले सिनेमे आता मोबाइलवर आले होते. मुलीकडचे येत, बाईंचा चेहरा बघत आणि चहा न घेता उठत. तळोद्याच्या रंजनाबाईंनी तर तोंडावर सांगितलं होतं, "मुलगा सोन्यासारखा. पण त्या बाईच्या हाताखाली माझी रिना देणार नाही."

त्या वाढदिवशी मरणाची बातमी ऐकून त्याच रंजनाबाई जीप करून दारावर, म्हणजे सांत्वनाला आल्या, सोबत रिना. गल्लीच्या तोंडाशीच पदर ओढून त्यांनी गळा काढला. ओट्यावर हेमकांत खुलासा करायला तोंड उघडी, तोच पुढचा हंबरडा येई. मध्येच रंजनाबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, आता घरात बाईमाणूस हवं. आमची काही अडचण नाही आता."

दाराआड मंगलाबाई थबकल्या. बाहेर गेलं तर सोयरीक मोडते. न जावं तर मरण पक्कं. पोराला हळद लागेपर्यंत मेलेलंच राहावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. एवढी लांब भूमिका त्यांनी कधी केली नव्हती.

पण रंजनाबाईंनी पुन्हा सूर लावला, आणि तो इतका खोटा पडला की बाईंना राहवेना. त्या उंबऱ्यावर आल्या.

"रंजनाबाई, आधी श्वास घ्या. मग हंबरडा फोडा."

पुढची किंकाळी मात्र अस्सल होती.

रिना पोट धरून हसली. "काकू, लहानपणापासून विचारायचं होतं. डाम देताना तो चर्र आवाज कसा यायचा?"

"सुनेच्या पदराखाली ओला बटाटा. डाम त्याला."

"आई, मला हीच सासू पाहिजे!"

"आणि खरंच डाम दिला तर?" रंजनाबाईंनी विचारलं.

"बटाटा मी माहेरून आणीन."

हेमकांतचे कान लाल झाले. मंगलाबाई चहा घेऊन आल्या आणि कप रंजनाबाईंपुढे धरून उभ्या राहिल्या. दारावर आलेलं माणूस चहा घेत नाही; घेतला तर येणं सोयरिकीचं. कॅमेऱ्यापुढे कधी न थरथरलेला हात कपबशी वाजवत होता. रंजनाबाईंनी बशीकडे पाहिलं.

"एवढी घाबरते ही?" त्या लेकीला म्हणाल्या. आणि त्यांनी कप उचलला.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या दगूबाई वरण-भाताचं पातेलं घेऊन हजर. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कडू घास. तो सोयरिकीचं पहिलं जेवण म्हणून सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला, बाईंनी दोनदा वाढून घेतला.

लग्न झालं. पातेलं मात्र बाईंकडेच आहे. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि आपल्याच मरणाच्या भांड्यात काय घालावं, ते कुणाला सुचत नाही. ते कधी परत मिळणार म्हणून दगूबाई नळावर रोज विचारतात, "मन्हं पातेलं कवय देशी वं?"

"मरसू तवय!"