कानातला कापूस

बाहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. खारबावच्या खाडीत बुड्या मारून रेती काढणाऱ्या होडीवर मी स्वयंपाकाला होतो. होडी आठवडाभर पाण्यातच राहायची, म्हणून निघण्याआधी मी तांदूळ, सुके बोंबील, गोडं पाणी चढवत होतो. तेवढ्यात दिघाशीचा एक माणूस भिवंडीतलं लूमचं काम सोडून आला. बुडी कधी मारली नव्हती, पण मारणारच म्हणाला. नाव मी विचारलं नाही. साधं पाणी मागायचं तरी तो ओरडायचा. लूमच्या खडखडाटात जन्म गेला की तसंच होतं.

उतरताना सवयीने त्याने कानात कापूस कोंबला. होडीचा म्होरक्या तांडेल खेकसला, "काढ तो! वरून होडी ठोकली का वर यायचा. ऐकला न्हाय तर खालीच र्‍हाशील."

त्याने कापूस काढून टाकला. दोनदा तो रिकामी बादली घेऊन खोकत वर आला.

"बस झाला, घरी जा," तांडेल म्हणाला.

"न्हाय!" तो ओरडला आणि पुन्हा उतरला.

या वेळी बादलीत रेती होती. मी चहा पुढे केला. तो इतका हळू बोलला, की मला वाकून ऐकावं लागलं.

"तुमी ठोकता तेवढाच. बाकी खाली कायपन वाजत न्हाय."