भिंतीवरचे डॉक्टर

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माझी बहीण वारली. काल घराला मारायला चुना कालवला आणि त्याच्या वासाने सावली गावाजवळचा वैनगंगेचा घाट आठवला. तिच्या पायांची कातडी खवल्यांसारखी सुटायची, म्हणून बायका तिच्यापासून लांब बसून धुणं धूत. ती मात्र पाण्यात पाय सोडून बसे, आणि बोटभर मासोळ्या येऊन ती कातडी टोचू लागत. "पाह्य बाबू, माहे डॉक्टर आले. फीस बी मांगत नाई!" घरी आल्यावर मातीच्या भिंतीवर ती चुन्याने त्याच मासोळ्या काढायची, एकीच्या गळ्यात तपासायची नळीसुद्धा होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. पुस्तकात शोधून एक दिवस घाटावरच तिला म्हणालो, "डॉक्टर मासे बाहेरच्या देशातले. या साध्या मासोळ्यायनं काई बरं होत नाई." ती म्हणाली, "बरं व्हाले कोण बसून राह्यलं? त्या जवळ तं येतात ना." मग तिने पाय वर घेतले, लुगड्याने पुसले. त्यानंतर ती घाटावर कधी बसली नाही, भिंतीवर नवी मासोळीही आली नाही. नऊ आहेत. तेवढी भिंत सोडून मी बाकी घराला चुना मारला आहे.